जागा नाही, कळवू

४ फेब्रुवारी

टिल्लू,

आशीर्वाद शेवटी, आधी काम.

काल तू सभागृहात म्हणालास, आणि आज सकाळच्या पेपरात ते चौकटीत छापून आलं आहे, की जन्मावरून किंवा पत्त्यावरून कुणी कुणाला राहायची जागा नाकारल्याचा एक तरी कागद दाखवा, मी आणि माझे सहा सहकारी समान वागणुकीच्या विधेयकाला मत देऊ. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. असा कागद माझ्याकडे आहे. एक नाही, दोनशे चौदा आहेत.

ते कसले, हे तुला सांगायची गरज नसावी. पण गेली बारा वर्षं तू दिवसाला दहा भाषणं करतोस, त्यात जुनं काही उरलं असेलच असं नाही, म्हणून लिहिते. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका होते आणि तू आपल्या विश्वस्त मंडळाचा सचिव होतास, त्या काळातले हे अर्ज आहेत. खोली मागायला बाई आली की मी तिला अर्ज भरायला द्यायची. ती कालव्यापलीकडच्या वस्तीतली असली तर अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात, वर, पेन्सिलने एक ठिपका द्यायची. तिळाएवढा. मग तिला अर्जाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि म्हणायची, "सध्या जागा नाही, कळवू." ठिपक्याचे अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात जायचे. त्या गठ्ठ्यातल्या एकीलाही कधी कळवलं नाही. खोल्या अठ्ठेचाळीस होत्या, आणि ज्या ज्या दिवशी मी "जागा नाही" म्हटलं त्या दिवशी किती खोल्या रिकाम्या होत्या हे माझ्याच नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे. नऊ वर्षं हे चाललं.

मला कागद टाकून देता येत नाही, हे तुला माहीत आहे. सगळं कपाटात आहे, आडनावांप्रमाणे लावून, फडक्यात बांधून.

तुझ्या प्रवर समितीकडे पुरावे द्यायची शेवटची तारीख सत्तावीस आहे. मी हे कागद तिथे देणार आहे. तुला आधी कळवते आहे, कारण तू माझ्या मावशीचा मुलगा आहेस. परवानगी मागत नाही.

आशीर्वाद आहेतच. ते मताला बांधलेले नाहीत.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार घे, मग रागाव.

तुझं पत्र ऑफिसातल्या मुलीने उघडलं. तिला वाटलं कुणी मला नोटीस पाठवली. मी म्हटलं, नोटीसच आहे, फक्त पाठवणारीने मला लहानपणी नाक पुसायला शिकवलं आहे. सभागृहात मला सगळे ‘साहेब’ म्हणतात. शंभर किलोचा टिल्लू जगात आता तुझ्या एकटीच्या पत्रात उरला आहे.

आता नीट ऐक. विधेयकाच्या बाजूने पंच्याऐंशी आहेत, विरोधात अठ्ठ्याऐंशी. मधे आम्ही सात. दोन्ही बाजूंचे लोक सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात. एकीकडून म्हणतात, मत दिलंत तर तुमच्या भागात तोंड दाखवता येणार नाही. दुसरीकडून म्हणतात, नाही दिलंत तर इतिहास माफ करणार नाही. इतिहास निवडणुकीत उभा राहत नाही, ताई. अशा वेळी दोघांनाही झोंबणार नाही आणि पेपरातही येईल असं काहीतरी बोलावं लागतं. ते मी बोललो. नकार कुणी कागदावर देत नाही, हे मला जितकं माहीत आहे तितकं त्या सभागृहात कुणाला नाही. वाक्य बिनधोक होतं. तू कपाट उघडशील हे हिशेबात नव्हतं.

तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण कागद विश्वस्त मंडळाचे आहेत, तुझे नाहीत. असे घेऊन समितीच्या खिडकीवर उभी राहिलीस तर पहिला आक्षेप हाच येईल, आणि मग बाकीचं कुणी वाचणार नाही. त्यापेक्षा मी बुधवारी गाडी पाठवतो. ड्रायव्हर भरवशाचा आहे. नोंदवह्या, गठ्ठे, सगळं दे. मी स्वतः बसून वाचीन आणि योग्य वेळी योग्य जागी ठेवीन. समितीत मीच आहे ना?

आणखी एक, मनाला लावून घेऊ नकोस. ठिपका तुझ्या हातचा आहे. पेपरवाले एवढंच पाहतील की तो कुणाच्या हातचा. सहासष्टाव्या वर्षी दारात कॅमेरे उभे राहिलेले तुला झेपतील का? शेजारपाजारच्या बायका जिन्यात बोलायच्या थांबतील. मला तुझी काळजी वाटते. हे राजकारण नाही.

तुझा
टिल्लू


१३ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझा ड्रायव्हर आला. सज्जन माणूस आहे. दोन कप चहा घेतला, स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून दिला आणि रिकाम्या हाताने परत गेला. त्याला बोलू नकोस. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती आणि तो काही ती हिसकावणाऱ्यातला नव्हे.

कागद कुणाचे, हे ऐक. इमारत विकली तेव्हा मंडळाने ऑफिसातले सगळे कागद रद्दीत काढायचा ठराव केला. मी लेखी अर्ज करून ते मागितले आणि अध्यक्षांनी लेखी दिले. ते पत्रही फडक्यात आहे. तू तेव्हा राजीनामा देऊन निवडणुकीला उभा राहिला होतास, म्हणून तुला माहीत नाही.

मंगळवारी मी समितीच्या कचेरीत जाऊन आले. लाकडी बाक, काचेची खिडकी, आतमध्ये तिशीची एक कारकून मुलगी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. नुसता पेन्सिलचा ठिपका हा पुरावा धरत नाहीत. ठिपका देणाऱ्या माणसाने तो कशाचा हे शपथेवर लिहून दिलं पाहिजे. आणि जिला जागा नाकारली अशी निदान एक बाई शपथेवर पुढे आली पाहिजे. नाहीतर गठ्ठा नुसता दाखल होईल, कुणाच्या टेबलावर जाणार नाही. मी विचारलं, हा नियम कुणी केला? ती म्हणाली, मागच्या आठवड्यात समितीनेच. तुझा हात वर होता का खाली, ते मी विचारलं नाही.

पहिली अट सोपी आहे. शपथपत्र लिहायला घेतलं आहे. दुसरीसाठी अर्जांवरच्या पत्त्यांवर चाळीस पत्रं टाकली. सव्वीस वर्षांपूर्वीचे पत्ते, किती पोचतील देव जाणे.

शपथपत्रात काय लिहिणार तेही तुला कळवते. त्या वर्षी जूनमध्ये तू सचिव झालास. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाय हलवत म्हणालास, "ताई, कालव्यापलीकडच्या सध्या नकोत. देणगीदार कुरकुर करतात." त्यानंतर ठिपका सुरू झाला. मी हे असंच लिहिणार. तुझं नाव लिहिणार नाही, पद लिहीन. नाव शोधायला पेपरवाल्यांना पाच मिनिटं लागतील.

आणि आता लिहितेच आहे तर हेही घे. तुझ्या मुलीच्या लग्नाला मी आले नाही तेव्हा गुडघा दुखतो असं कळवलं होतं. गुडघा ठणठणीत होता. हार घालून घेत स्टेजवर उभा असलेला तू मला बघवला नसता. माझ्या हातून एवढं वाईट काम करवून घेणारा माणूस आमच्याच घरातला निघाला, हे मी इतकी वर्षं गिळून बसले होते.

कॅमेरे झेपतील. नऊ वर्षं अठ्ठेचाळीस खोल्यांमधल्या बायकांची भांडणं मिटवली आहेत.

ताई


१७ फेब्रुवारी

अधीक्षिका बाईंना,

तुमचं पत्र माझ्या वडिलांच्या जुन्या पत्त्यावर गेलं. तिथे आता माझा भाचा राहतो, त्याने ते हॉस्पिटलात आणून दिलं. मी इथे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुमच्याकडे खोली मागायला आले होते ती मीच. अर्ज क्रमांक एकशे सत्तेचाळीस.

तुम्ही विचारता, मी शपथेवर लिहून देईन का? देईन. पण आधी काही गोष्टी.

जागा नाही हे खोटं आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तुमच्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच खिडक्यांना पडदे नव्हते. तरी मी चार महिने वाट पाहिली, कारण तुम्ही "कळवू" म्हणताना माझ्याकडे पाहून हसला होतात. पुढची दोन वर्षं सकाळी सव्वापाचला घर सोडून दोन बसा बदलून कामावर येत होते. वरच्या परीक्षेचा अभ्यास बसमध्ये उभ्याने केला आणि पहिल्या खेपेला नापास झाले. हे मी माझ्या शपथपत्रात लिहीन. तुम्ही तुमच्या शपथपत्रात माझ्या त्रासाचं वर्णन करू नये. ते माझं आहे.

दुसरं. तुम्ही लिहिता की तुम्हाला पश्चात्ताप होतो. समितीला त्याचा काही उपयोग नाही आणि मलाही नाही. काय केलंत ते लिहा.

तिसरं. तुमच्या पत्रात म्हटलं आहे की ही पद्धत नवे सचिव आल्यावर त्यांच्या सांगण्यावरून जूनमध्ये सुरू झाली. तुम्ही दिलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे. तिच्यावर एकवीस मार्च ही तारीख आहे. त्याच वर्षाची. माझ्या अर्जावर ठिपका आहे, असं तुम्हीच लिहिता. एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांचे निकाल जुळत नसतील तर आम्ही अहवालावर सही करत नाही. तुम्ही अर्ज पुन्हा पाहा. तारखेप्रमाणे लावून पाहा. मग मला कळवा. या वेळी खरंच कळवा.

क्रमांक एकशे सत्तेचाळीस


२० फेब्रुवारी

बाई,

तुमची तारीख बरोबर आहे, माझी चूक आहे. शपथपत्र फाडलं, दुसरं लिहिते आहे. त्यात पश्चात्ताप हा शब्द नाही. लिहून झालं की नक्कल पाठवते. जुळली तरच सही करा.

वसतिगृहाची माजी अधीक्षिका


२१ फेब्रुवारी

टिल्लू,

माझ्या मागच्या पत्रातलं एक विधान मी परत घेते आहे. तोंडी नाही, लेखी.

गठ्ठे मी आडनावांप्रमाणे लावले होते, म्हणून हे इतकी वर्षं लक्षात आलं नाही. किंवा लक्षात येऊ नये म्हणूनच तसे लावले असतील, आता सांगता येत नाही. काल सकाळी जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि सगळे अर्ज तारखेप्रमाणे मांडले. टेबल पुरलं नाही, खाटेवर मांडले, मग जमिनीवर. दुपारचं जेवण राहिलं. तू सचिव झालास पाच जूनला. त्याआधीचे ठिपक्याचे अर्ज तेवीस आहेत. पहिला नऊ जानेवारीचा, गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या मुलीचा.

तिचा अर्ज समोर आल्याबरोबर मला सगळं आठवलं. त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या तिघी येऊन सांगून गेल्या होत्या की कालव्यापलीकडची कुणी शेजारी आली तर आम्ही खोल्या सोडू. मी त्यांना रागावले. नियम वाचून दाखवले. त्या गेल्या, मी खुर्चीत बसले, आणि ही मुलगी दारात आली. फोटोही आणला होता तिने, दोन वेण्या घातलेला. मी पेन्सिल उचलली. मला कुणीही सांगितलं नव्हतं. मंडळाने नाही, सचिवाने नाही. आधीचे सचिव तर वर्षातून दोनदा यायचे. मीच केलं, कारण ते सोयीचं होतं. आणि शिस्तीत केलं, म्हणून ते कामासारखं दिसलं. पदवीला मला नागरिकशास्त्रात पहिला वर्ग होता.

तू टेबलावर बसून जे बोललास ते बोललास, पण तेव्हा माझा हात पाच महिने सरावलेला होता. तुझ्या बोलण्याने मला एवढंच मिळालं की दोष ठेवायला जागा झाली. ती मी सव्वीस वर्षं वापरली. लग्नाला न येण्यासाठीही वापरली. तुझ्या मुलीला मी वेगळं पत्र लिहीन.

नव्या शपथपत्रात तुझं पदही नाही. ठिपका मी सुरू केला, मी चालवला, असं आहे. तेव्हा तू मोकळा आहेस. समितीत बसून हे कागद परक्या बाईचे असल्यासारखे वाचू शकतोस.

पण शुक्रवारी, सत्तावीसला, सकाळी अकरा वाजता मी ते देणार. प्रयोगशाळेतली एक बाई शपथेवर उभी राहते आहे. नियमाच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. पेपरातलं वाक्य तुझं आहे. त्याचं काय करायचं ते तू बघ.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र ऑफिसातल्या मुलीकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर लागत नसेल तर भिंग घे.

तुझं पत्र शनिवारीच हातोहात आलं. तू मला सोडवलंस. दोन दिवस मी सुटल्यासारखा हिंडलो. पक्षाच्या बैठकीत विनोद केले. आमच्या पुढाऱ्याने तटस्थ राहायचा आदेश काढला आहे. आम्ही सात जण बसून राहिलो की विधेयक तीन मतांनी पडतं, आणि कुणाच्या हाताला डाग नाही. मी मान डोलावली. घरी आलो, बायको म्हणाली, आज बरे दिसताय. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गाडी कशाला पाठवली होती?"

आता तुझे प्रश्न टाळता येतात, तिचे नाही. तेव्हा तुलाही सांगतो.

तुझ्या तीन नोंदवह्यांपैकी दुसरीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा आहे. त्यात तू हॉस्टेलच्या किरकोळ चिठ्ठ्या सारायचीस. त्यात बघ. त्या वर्षी जूनच्या शेवटी तू मला विचारलं होतंस. तोंडी नाही, तू तोंडी कधी काही विचारलंस? अर्धा कागद. वर तू लिहिलं होतंस की काही अर्ज मी वेगळे ठेवते आहे, हे योग्य आहे का, मंडळाचं मत कळावं. म्हणजे तुला टोचत होतं. थांबायला तू कारण शोधत होतीस. मी एक शब्द लिहिला असता, "नको", तर तू त्या दिवशी थांबली असतीस. मी त्याखाली लिहिलं, "चालू पद्धत चालू ठेवावी. लेखी काही नको." आणि सही केली. लेखी काही नको, हे लेखी दिलं. तू चिठ्ठी घेतलीस आणि एवढंच म्हणालीस की हिरवी शाई अध्यक्षांनी वापरायची असते.

तेवीस तुझे, ताई. एकशे एक्याण्णव आपल्या दोघांचे. गाडी त्या चिठ्ठीसाठी पाठवली होती. गठ्ठा मी जाळला नसता असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर माहीत नाही.

नियमाच्या वेळी माझा हात वर होता.

शुक्रवारी अकराला मी कचेरीत असेन. पोच द्यायच्या कागदावर मी सही करू शकत नाही, कारण आत माझं अक्षर आहे. ती दुसऱ्या सदस्याला करायला सांगतो. चार मतं लागतात. माझं धरून सध्या एक आहे. बाकीच्या तिघांना कागद दाखवावे लागतील. ते येतील की नाही याची खात्री देत नाही. येत्या निवडणुकीला मला तिकीट मिळणार नाही, याची देतो.

चिठ्ठी आण. विसरू नकोस, असं मी तुला सांगतोय, हेही नवलच.

टिल्लू


७ मार्च

बाई,

काल तुम्ही ड्युटीवर होतात, म्हणून फोनवर फक्त निकाल कळवला. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण यात तुमचं शपथपत्र आहे आणि त्याचं काय झालं ते कळायचा तुम्हाला हक्क आहे.

सत्तावीसला मी कागद घेऊन गेले. रिक्षातून उतरले तर माझा मावसभाऊ पायरीवर उभा होता. आम्ही तीन वर्षांनी समोरासमोर आलो. त्याने गठ्ठा उचलायला हात पुढे केला, मी दिला नाही. त्याच्या खटल्यात तो माझ्याकडून काही घेऊ शकत नाही, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, खटला आपला दोघांचा आहे, निदान एक बाजू धरू दे. मग दोघांनी धरून वर नेला. चिठ्ठी मी पिशवीत वेगळी ठेवली होती. ती त्या खिशातच होती, विजेच्या पावत्यांखाली. मी ती पार विसरले होते. शपथपत्रात तिच्यापुरतं एक पान वाढवलं, तेवढं तुम्हाला पाठवलेल्या नकलेत नव्हतं, म्हणून आता कळवते. ठिपका मी सुरू केला हे तसंच आहे. त्यात काही बदललेलं नाही.

काचेमागच्या मुलीने एकेक अर्ज मोजून घेतला. दीड तास लागला. मधे तिचा वरिष्ठ येऊन म्हणाला, अंदाजे लिहा ना. ती म्हणाली, अंदाज नको, बाई उभ्या आहेत. मला खुर्ची दिली होती, मी बसले नव्हते.

पुढचे तीन दिवस समितीच्या वाचनाच्या खोलीत अर्ज टेबलावर मांडले होते. सदस्य येऊन पाहून जात होते. भावाने आपल्या सहाही सहकाऱ्यांना आणलं. कुणाला समजावून, कुणाला टोमणे मारून, एकाला तर त्याच्या आईला फोन लावून. तिघे म्हणाले, वाक्य तुमचं होतं, आम्हाला विचारून बोलला नव्हतात. ते त्यांचं खरंच होतं. एक जण डॉक्टर आहेत, ते अर्जांवरचे फोटो पाहत राहिले आणि निघून गेले. त्यांचं काय ठरलं ते मतदानापर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी मला समितीपुढे बोलावलं. विरोधी बाजूच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी खूप नम्रपणे विचारलं की हे सव्वीस वर्षांपूर्वीचं आहे, आज कुणी असं करत नाही, मग यासाठी कायदा कशाला? मी सांगितलं, "तेव्हाही कुणी करत नव्हतं. मला विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते, आणि मला ते खरं वाटलं असतं." बाहेर पेपरवाले होते. शेजारच्या जिन्यातल्या बायका दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांतली एक येऊन म्हणाली, तिच्या भावाच्या सोसायटीत वहीत ठिपका नसतो, चांदणी असते.

काल दुपारी मतदान झालं. मी वरच्या गॅलरीत होते. विधेयकाच्या बाजूने एकोणनव्वद, विरोधात अठ्ठ्याऐंशी, तीन तटस्थ. डॉक्टर शेवटी उभे राहिले. माझा भाऊ पहिला उभा राहिला होता, पुढारी मागे वळून पाहत असताना. संध्याकाळी त्याला पक्षातून काढल्याचं पत्र आलं. त्याने फोन करून सांगितलं की कारण लेखी दिलं आहे, जपून ठेवतो.

कायदा झाला म्हणून उद्यापासून कुणी पेन्सिल खाली ठेवेल असं मी समजत नाही. पण आता "जागा नाही" म्हणणाऱ्याला रिकाम्या खोल्यांची नोंद दाखवावी लागेल. ते कलम तुमच्या शपथपत्रातल्या पाच खिडक्यांवरून घातलं आहे. समितीच्या अहवालात तसं लिहिलं आहे, पान एकोणतीस.

तुमची मूळ चिठ्ठी परत मिळेल का, असं मी विचारलं. मूळ कागद आता अभिलेखागारात राहतात, नक्कल मिळते. नक्कल मी तुमच्या नावाने मागितली आहे.

तुमच्या माहितीसाठी कचेरीने दिलेली पोच खाली उतरवून काढली आहे. मूळ माझ्याकडे आहे, कधीही येऊन पाहा.

वसतिगृहाची माजी अधीक्षिका


पोच. दिनांक २७ फेब्रुवारी, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.

नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाच्या माजी अधीक्षिका यांनी समक्ष येऊन पुढील कागद दिले:

खोल्यांच्या नोंदवह्या, तीन. दुसरीचा मागचा पुठ्ठा सैल.

खोलीसाठी केलेले अर्ज, दोनशे चौदा, तारखेप्रमाणे लावलेले. त्यांपैकी एकशे अठ्ठ्याऐंशींवर अर्जदाराचा फोटो. सर्व अर्जांवर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलची खूण. एकही खूण खोडलेली नाही.

कागद देण्याबद्दल विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र, एक.

चिठ्ठी, एक, अर्ध्या कागदाची. वरचा मजकूर निळ्या शाईत, खालचा हिरव्या.

अधीक्षिकेचं शपथपत्र, पानं पाच.

अर्ज क्रमांक १४७ च्या अर्जदार बाईंचं शपथपत्र, पानं दोन, रजिस्टर पोस्टाने आलेलं; सोबत त्यांना त्या वेळी दिलेली चिठ्ठी, मूळ, दिनांक २१ मार्च.

विश्वस्त मंडळाचे माजी सचिव, या समितीचे सदस्य, यांचं निवेदन, पान एक, स्वतःच्या अक्षरात. हिरव्या शाईतला मजकूर आपला असल्याचं मान्य. त्यांनी या पोचेवर सही केलेली नाही.

वरीलप्रमाणे मोजून मिळालं.